सातवी तार

तेजराम नाकाडेचा बाप भिलाईहून परतला तेव्हा
टिनाच्या पेटीत दोन कांबळी, एक थर्मास
आणि सात तारांची एक गिटार होती.
भट्टीवरच्या रशियन साहेबानं जाताना दिली म्हणे.
साहेबाचं नाव बापाला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही.

आमच्याकडे मिळणाऱ्या पुस्तकात
सगळ्या गिटारींना सहाच तारा.
वडशाचा बँडवाला म्हणाला, एक काढून टाक गा.
तेजरामनं पुस्तक काढून टाकलं.
सातवी तुटली की तो लुनाच्या क्लच-वायरचा
एक पदर सोडवून लावायचा.

मी ड्रमवर. म्हणजे डालड्याचे डबे,
दंडारीतून उरलेला ढोल,
झांजेच्या जागी नांगराचा झिजलेला तवा.
बेसवर हौसीलाल उईके.
तेंदूपत्त्याच्या सीझनला तो जंगलात असायचा,
म्हणून पहिल्या कॅसेटीतली मे महिन्याची तीन गाणी
बेसविना आहेत.
बँडचं नाव ‘लाइट गेली’.

नाव उगाच नव्हतं.
राइस मिलच्या गोदामात धानाची पोती छतापर्यंत,
आवाज भिंतीवरून परत येत नाही, इतकी चांगली जागा.
पण शेजारी मिल चालू.
मी नुकताच बोर्डात लागलो होतो,
भारनियमनाचा तक्ता माझ्या खिशात :
मंगळवार, पहाटे सव्वातीन ते साडेपाच.
लाइट गेली की गाव आधी शिवी द्यायचं, मग कूस बदलायचं.
मग उरायचे बेडूक
आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर आम्ही तिघं.

एक सांगून टाकतो.
सगळे तक्ते खरे नव्हते.
एका गाण्यापायी चाळीस मिनिटं
मी तीन गावं अंधारात ठेवली.
रजिस्टरवर लिहिलं : फांदी पडली.
त्याच चाळीस मिनिटांत पलीकडच्या टोलीवर
कंदिलाच्या उजेडात एक पोरगी जन्मली.
एकोणीस वर्षांची आहे आता. बाजारात दिसते.
मी भाव न विचारता भाजी घेतो.

नऊ कॅसेटी, चार सीड्या.
खोकी खताच्या पोत्याच्या आतल्या कागदाची,
नंबर त्याच्या हातचा.
मंडईच्या नाटकात तो रात्रभर ऑर्गन वाजवायचा,
खलनायक आला की खालचे सूर, दीडशे रुपये,
आणि मध्यंतरात तिकिटाच्या खिडकीशी
स्वतःचं रॉक विकायचा, चहापेक्षा महाग.
लोक घ्यायचे. काही जण
वरून भजनं भरायला.

पुण्याचा एक माणूस आला, खरोखर, गाडी करून.
डोळे मिटून ऐकलं. म्हणाला, जबरदस्त आहे.
फक्त भाषा जरा शुद्ध करू,
आणि हे बेडूक काढू.
तेजराम म्हणाला, बेडूक बँडात आहेत.
मग त्याला वांग्यात झिंगे टाकून जेवू घातलं.
बोटं चाटत गेला बिचारा.

हौसीलाल पाइपलाइनच्या कामावर हैदराबादला गेला.
मी पोलवरून पडलो, डावं मनगट वाकडं बसलं.
कुणी बँड मोडला नाही.

पुढे आमचा फीडर वेगळा झाला, चोवीस तास पुरवठा.
गावानं पेढे वाटले.
तेजराम ऑफिसात अर्ज घेऊन आला,
विषय : आठवड्यातून एकदा वीज बंद ठेवणेबाबत.
साहेबानं तो सगळ्या टेबलांवर फिरवला.
हसलो मीही. हेही सांगून टाकतो.

आता तो मिल चालू असतानाच गातो.
पट्ट्याचा जोड फाटलाय, दर फेऱ्याला ठक वाजतं,
तोच ड्रम.
माझ्यापेक्षा बरा ताल धरतो.

परवा पोराच्या हाती पेन ड्राइव्ह पाठवला. तेरा गाणी.
शेवटच्यात मध्येच पट्टा मंदावतो,
ठक, मग बऱ्याच वेळानं ठक,
मग काहीच नाही.
एक सूर तसाच लोंबकळत राहतो, क्लच-वायरचा असावा.
त्याचा आवाज, गाण्यातला नाही, साधा :
“लाइट गेली का गा?”

गाणं तिथंच तुटतं.
मी पंख्याखाली बसून
दरवेळी उत्तर देतो :
फांदी पडली.